तीनशे सात अंश

ही गोष्ट माझ्या थिसिसच्या प्रस्तावनेत यायला हवी होती. तिथे मी सरांचे, बायकोचे आणि टंकलेखकाचे आभार मानून मोकळा झालो.

एकोणीसशे साठच्या दशकाची अखेर होती. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि मी तिथे सकाळच्या पाळीत मजबुती तपासायला काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडत असे. बिऱ्हाड पालघरला. मनातून मात्र मी स्वतःला शास्त्रज्ञ समजायचो. मुंबईच्या सरांनी पीएचडीसाठी मला क्रोमियम ऑक्साइडच्या स्फटिकाची नखाएवढी, काळपट हिरवी चकती दिली होती. सोबत एक मोठा चुंबक आणि सूक्ष्म विद्युतभार मोजणारं यंत्र. पालघरच्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी मे महिन्याच्या सुट्टीत पत्र्याखालची प्रयोगशाळा वापरू दिली, आणि तिथला शिपाईही मदतीला दिला.

हे शिपाई सातपाटीचे. पूर्वी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य. दोरात हाताची दोन बोटं गेली तेव्हा समुद्र सुटला आणि ते शाळेत लागले. सगळे त्यांना तांडेलच म्हणत. पंधरा वर्षं त्यांनी ती प्रयोगशाळा देवघरासारखी राखली होती.

पहिल्या दिवशी मी त्यांना जरा ऐटीतच समजावलं. या स्फटिकातला प्रत्येक अणू एक छोटा चुंबक आहे. एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली, अशी शिस्तीत रांग. म्हणून बाहेरून तो चुंबक वाटतच नाही.

"आमी बोंबील वालत घालतो तसंच," ते म्हणाले. "जबड्यात जबडा अडकवून. एक दोरीच्या अल्याड, एक पल्याड. दोरी कुठंच कलत नाय."

"तसंच. पण बाहेरून मोठा चुंबक आणला की वरचे आणि खालचे सारखे राहत नाहीत. त्यांच्या ओढाताणीत आतले विद्युतभार किंचित सरकतात. चकतीच्या एका तोंडाला धन, दुसऱ्याला ऋण. चुंबकाने वीज!"

"आणि रांग मोडली तं?"

"मग काही नाही," मी म्हणालो आणि विसरून गेलो.

ते रोज पहिल्या एसटीने येत. चकती तापवून, तिला बॅटरी लावून, चुंबकात हळूहळू निववत. असं केलं तरच सगळी रांग एका वळणाने लागते. मग बॅटरी काढून सकाळी सातपासून दहापर्यंत मोजमाप घेत. मी पाळी संपवून बोईसरहून गाडीने तीनला पोचे. त्यांच्या वहीत सुरेख आकडे असत. मी चुंबक सरकवला की यंत्राची सुई ढिम्म.

एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. सर येणार होते आणि माझ्या हाती एका शिपायाच्या वहीखेरीज काही नव्हतं. नवव्या दिवशी माझा तोल गेला.

"हे आकडे घरी बसून लिहितोस काय?"

वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अरेतुरे केलं. ते एवढंच म्हणाले, "नाय सर. सकालची सुई हालते. तुमी एकदा सकालचे या."

मी सकाळी गेलो नाही. त्याच संध्याकाळी हेडमास्तरांच्या घरी गेलो आणि हा माणूस खोटे आकडे भरतो असं सांगून आलो. दुसऱ्या दिवशी किल्ल्या माझ्याकडे आल्या. शाळा उघडली की तांडेलांनी घंटा आणि पाण्याची पिंपं बघायची, असं ठरलं.

मग मी रजा काढून पहाटे स्वतः बसलो. सगळं त्यांच्याच पद्धतीने केलं. सात वाजता चुंबक आणला आणि सुई उडाली. आठला, नऊला, दहालाही. पत्रा तापू लागला तशी ती मंदावली. दुपारी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि सुई मेल्यासारखी पडून होती.

काखेत कळसा, गावाला वळसा! ज्या उष्णतेला ती रांग मोडते तो आकडा माझ्याच टिपणवहीत माझ्याच अक्षरात होता: तीनशे सात अंश केल्विन. पाठ होता मला. पण तो आकडा म्हणजे आपला चौतीस सेल्सिअस, मे महिन्यातली पत्र्याखालची कुठलीही दुपार, हे मला कधी सुचलं नाही. भिंतीवरचा तापमापक अडतीस दाखवत होता.

तांडेलांची वही पुन्हा उघडली. शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक रकाना आखला होता. मी तो फालतू भरताड म्हणून कधी वाचलाच नव्हता. प्रत्येक मोजमापापुढे खोलीचं तापमान. आणि एके दिवशी उशिरापर्यंत थांबले असावेत, तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: 'खोली तापली. सुई पडली.'

मी तडक हेडमास्तरांकडे निघालो. त्यांनी दारातच विचारलं, "आता नीट येतात ना आकडे? माणूस बदलला की फरक पडतोच."

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. आज लिहितानाही कान तापतात.

सर आले. आलेख बघून खूश झाले. "चौतिसाशी परिणाम बरोबर नाहीसा होतोय. तापमानाचा रकाना ठेवलास हे फार शहाणपणाचं केलंस." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी किल्ल्या परत करायला गेलो. तांडेल व्हरांड्यात घंटेखाली उभे होते. मी वाट बदलणार होतो, पण त्यांनी पाहिलं.

"सर, दुपारची सुई का पडायची, कललं काय?"

सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. "हवेतल्या दमटपणामुळे," मी म्हणालो.

"दमट हवा तं सकालचीच जास्त, सर."

त्यांची वही माझ्या हातात होती. ती मी पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घंटेचा हातोडा उचलला.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला आता कुठं लागते."