दोन गणपती

आमच्या धंद्यात मरण ठरवायला डॉक्टर लागत नाही. गप्प बसला की मेला. नवी मुंबईतल्या एका कंपनीचे सर्व्हर मी सांभाळतो. एकाच कामाला दोन जोडलेले असतात. एक काम करतो, दुसरा त्याची चाहूल घेत राहतो. पहिला बंद पडला तर आधी आपोआप पुन्हा चालू होतो. तेही जमलं नाही तर दुसरा काम हातात घेतो. लोकांना पत्ताही लागत नाही. फजिती होते ती मधली वायर तुटली की. दोघंही धडधाकट, आणि दोघंही दुसऱ्याला मेला समजून मालक होऊन बसतात.

हे मी घरातही पाहिलं.

पालीजवळच्या आमच्या गावात आमच्या घराण्याचा गणपती एकच, तो थोरल्या काकांकडे. त्यांना जमलं नाही तर आमच्याकडे. काकांच्या आणि आमच्या घराची भिंत एक, पण शेताच्या बांधावरून काकांचं नि वडिलांचं बोलणं बंद. निरोप यायचे-जायचे ते काकूच्या तोंडून. त्या वर्षी काकांना पनवेलच्या दवाखान्यात नेलं, काकूही सोबत गेली. तिचा फोन लागेना. चतुर्थी तोंडावर आली, तसे वडील जाऊन मूर्ती घेऊन आले. मलाही ते अगदी रीतसर वाटलं.

चतुर्थीच्या सकाळी काका दवाखान्यातून हट्टानं घरी आले, येताना आपली मूर्ती घेऊनच. वडिलांनीही मूर्ती आणल्याचं कानावर आलं, तसे काठी टेकत आमच्या ओटीवर चढले. आत झाकून ठेवलेली मूर्ती त्यांना दिसली.

"मी मेलो समजलास व्हय रं?"

"वयनीचा फोन लागत नव्हता, दादा."

"पनवेल काय परदेशात हाय? यायचास ना बघायला."

सर्व्हर असते तर मी एकाची वीज तोडून मोकळा झालो असतो. इथे वडिलांनी मूर्ती बसवली असती, तर काकांचं थोरलेपण जिवंतपणीच संपलं असतं. मला भीती वाटत होती ती वडिलांच्या हट्टाची. तोही काही कमी नव्हता.

वडील उठले. आमची मूर्ती तशीच झाकलेली ठेवून काकांना दंडाला धरून त्यांच्या घरी घेऊन गेले. कितीतरी वर्षांनी तो उंबरठा त्यांनी ओलांडला. काकांना पाटावर बसवेना. "बस तू," एवढंच ते वडिलांना म्हणाले.

वडील पूजेला बसले. संकल्प सोडताना भटजींनी यजमानाचं नाव विचारलं. वडिलांनी काकांचं नाव सांगितलं. काका भिंतीकडे तोंड करून रडू लागले.