शिसं आणि गूळ

सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा सुमनवहिनींचा फोन आला. "सर, हे गेले," एवढंच म्हणाल्या. रघुनाथराव जाणार हे गेली दोन वर्षं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या फोनला आज दीड महिना झाला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. घरी जाताना रघुनाथरावांचं पत्र्याच्या शेडमधलं बॅटरी-दुरुस्तीचं दुकान लागायचं. मूळचे ते निफाडकडचे. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या उघडून पुन्हा चालत्या करायचे. वरचं डांबर तापवून काढायचं, आतल्या शिशाच्या प्लेटा उपसायच्या, जुनं शिसं कढईत वितळवून नवे सांधे ओतायचे. वर्गात दाखवायला एक जुनी प्लेट मागायला म्हणून मी गेलो आणि पुढची पंधरा वर्षं जवळजवळ रोज संध्याकाळी तिथेच बसलो.

त्यांना बॅटरीची कुळकथा ऐकायची भारी हौस. दोनशे वर्षांपूर्वी इटलीत मेलेल्या बेडकाची तंगडी उडाली, त्यावरून दोन विद्वानांचं वाजलं, आणि त्यातल्या एकाने धातूच्या चकत्या रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड घालून पहिली बॅटरी केली, हे मी सांगितलं तेव्हा ते हातातलं काम टाकून ऐकत राहिले. पुढे साठेक वर्षांनी एका फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून ॲसिडमध्ये बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी जन्माला आली, तेव्हा म्हणाले, "म्हंजे आमचा मूळपुरुष फ्रेंच निघाला की, सर." दुसऱ्या दिवशी स्वतःच तांब्या-जस्ताच्या चकत्या कापून शाळेत आले. चकत्यांच्या थप्पीवर टॉर्चचा बल्ब जेमतेम मिणमिणला, पण पोरांपेक्षा तेच जास्त खूश झाले.

काम आटोपलं की ते डब्यातून गुळाचा खडा काढत. बॅटरीच्या धंद्यातली जुनी माणसं गूळ खातच. "गूळ खाल्ला की शिसं पोटात ऱ्हात नाय," हे त्यांना त्यांच्या उस्तादाने सांगितलेलं. काळ्याभोर बोटांनी खडा फोडायचे, अर्धा मला द्यायचे. मी खायचो. मला सगळं माहीत होतं. गुळाने काही होत नाही, उलट त्या बोटांवरचं शिसंच गुळाबरोबर पोटात जातं, हे न कळायला मी काही अडाणी नव्हतो. 'शिशाचे शरीरावरील परिणाम लिहा' हा दोन गुणांचा प्रश्न मी दरवर्षी काढायचो. एकदाच म्हणालो, "निदान हात तरी धुवा." ते हसले. "सर, औषधाला गूळ हायच, वर हात बी धुवायचे म्हंजे दुखण्याआधीच पथ्य झालं की." मीही हसलो. त्या हसण्याची मला आज किळस येते. कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला ती संध्याकाळची बैठक मोडायची नव्हती, एवढंच.

मग सीलबंद बॅटऱ्या आल्या. पाणी घालायचं नाही, उघडायचं नाही, संपली की टाकायची. मोबाईलची चपटी बॅटरी हातात घेऊन रघुनाथरावांनी उलटसुलट पाहिली आणि परत दिली. गिऱ्हाईक आटलं, तसे ते घरामागच्या शेडमध्ये दुसऱ्यांसाठी नुसतं शिसं गाळू लागले. पोटात कळा यायच्या, हिरड्यांवर निळी रेघ उमटली. एके दिवशी चहाचा कप उचलेना, मनगट खालीच लोंबत राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" ते उत्तर देईपर्यंत मी खाली मान घातली होती. तोवर मूत्रपिंडं गेली होती. दवाखान्यातही वहिनींकडे गूळ मागायचे. वहिनींनी मला विचारलं, "देऊ का, सर? यांचा लय भरवसा हाय त्याच्यावर." मी म्हणालो, "द्या." त्यांना खरं सांगून आता काय मिळणार होतं? आणि माझी जीभ तरी कुठे उचलत होती?

माझ्या जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे, त्यांनीच बांधून दिलेली. लोडशेडिंगमध्ये पूर्वी तीन तास चालायची, आता पंखा दहा मिनिटांत थांबतो. परवा नव्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानातला माणूस ती बदलून द्यायला आला. मी विचारलं, "ही जुनी कुठे जाते?"

"गाळायला. शिसं वाया जात नाही, काका."

"कोण गाळतं?"

"असतात माणसं," तो म्हणाला. "मालेगावकडे, इकडे-तिकडे."

त्याला तसाच परत पाठवला. घरात सगळे वैतागलेत, वीज गेली की अंधारात बसावं लागतं. मी महिन्यातून एकदा जिन्याखाली वाकून तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालतो. ती सुधारणार नाही. शिसं गाळणारा तो जो कुणी आहे, त्याला मी एवढी एक बॅटरी देत नाही, इतकंच... बाकीच्या त्याला रोज मिळतातच.