पश्चिमेला वाहणारी गाढी

भीमसेनी कापराचा वास आला की मला विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आलेला तो वास्तुतज्ज्ञ आठवतो. खिसाभर कापूर घेऊन फिरायचा. माझ्या खोलीला एकच खिडकी होती, गाढी नदीकडची. त्याने मोबाइलमधलं होकायंत्र तिच्यासमोर धरलं आणि चुकचुकला. "साहेब, नदी पश्चिमेला चाललीय. घरातली लक्ष्मी रोज वाहून जाते. ही खिडकी बंद करा." बाबा घाबरले. मी परक्यांसमोर सहसा बोलत नाही, पण खिडकी माझी होती आणि कॉलेजात मी नुकतंच भूगर्भशास्त्र घेतलं होतं. म्हटलं, "काका, कोट्यवधी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड फाटून वेगळा होताना इथले लाव्हाचे थरच समुद्राकडे कलले. माथेरानपासून उतार पश्चिमेलाच आहे. नदी दुसरीकडे जाणार कशी?" तो गोड हसला. "बघा साहेब, मुलगीच सांगतेय. दोष थेट जमिनीत आहे!" बाबांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला. खिडकीवर आज प्लायवूड आहे आणि त्यावर कुठल्याशा परदेशी नदीचं पोस्टर. ती पूर्वेला वाहते, असं बाबा प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतात, पाहुणेही मान डोलावतात, आणि मी भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसते.