गेटची मोटार आणि आईचा गुडघा

हॉर्न वाजला की आई उठायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, आता पडायचं काम नाही. पण मी लोह्याच्या शाळेत शिकवून नांदेडला घरी पोचले रे पोचले, की ही बाई भिंत धरत, पायऱ्या उतरत गेटवर हजर! मागच्या महिन्यात शेवटच्या पायरीवर घसरलीच. हाड वाचलं, पण माझ्या काळजाचं पाणी झालं.

गेटला मोटार मी दसऱ्याआधीच बसवून घेतली होती. थोडे दिवस झकास चालली. मग तिचा रिमोट रुसला. गेटला खेटून उभं राहिलं तरच चालायचा. म्हणजे मी गाडीतून उतरून गेटपाशी जाईपर्यंत आई खाली आलेलीच.

"जाऊ दे गं," आई म्हणायची. "मी हाय ना उघडायला."

जाऊ दे कसं? माझ्या गाडीत आरशाखाली बटनं आहेत, त्यातल्या एकाला रिमोटचं काम शिकवता येतं. रविवारी सकाळी ओढणी कंबरेला खोचली आणि जाहीर केलं, "आज गाडीत बसून गेट उघडल्याशिवाय मी जेवणार न्हाई."

"मंग उपास घडतोय बघ तुला," आई म्हणाली.

रिमोट आरशाजवळ धरला, दोन्हीकडची बटनं दाबून ठेवली, दिवा लुकलुकला. आता मोटारीच्या डब्यावरचं बटन दाबायचं आणि लगेच पळत येऊन गाडीतलं दाबायचं. पळाले. दाबलं. गेट ढिम्म! परत पळाले. शेजारच्या काकू गच्चीतून बघून हसून राहिल्या होत्या. हसा म्हटलं, लई हसा. शेवटी चिडून गाडी गेटला चिकटवली आणि दाबलं, तर गेट हललं की! म्हणजे गाडी शिकली होती. लांबचं ऐकू येत नव्हतं ते मोटारीलाच. मग मी तो डबाच खोलला.

आत हळदीकुंकू. वाळलेला झेंडू. आणि सिग्नल पकडणारी वायर, जी बाहेर मोकळी लोंबायला पाहिजे, ती गुंडाळून, लाल दोऱ्यानं करकचून बांधून आत कोंबलेली.

"आई! हे काय गं?"

"दसऱ्याला पूजा केली की. नवं यंत्र हाय. ती वायर लोंबून राहिली होती, कुनी वढंल म्हनून बांधून ठिवली."

"अगं माझे माय, तोच तर त्याचा कान हाय!"

चिडावं की हसावं? मी दोन्ही केलं. माझा हात धरून आई खाली आली, तिनंच दोरा सोडला, वायर बाहेर काढली, डब्याला हात जोडले. मी गाडी पार कोपऱ्यावर नेली आणि बटन दाबलं. गेट सरकलं. त्या दिवशी मी दुपारी चार भाकरी हाणल्या.

सोमवारी शाळेतून आले. सवयीनं हात हॉर्नवर गेला, तो मागं घेतला आणि बटन दाबलं. गेट सरकत गेलं तसा व्हरांडा दिसला. आई खुर्चीत, पाय स्टुलावर, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. उठली नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, गाडीतून उतरताच येईना.

"ये की गं आत," आई बसल्या जागेवरून ओरडली. "का आता उचलून आनू तुला?"