मैंदर्गीची फेरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या दिवसाशी माझ्याइतकीच बांधलेली होती. ती जाऊन काही वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. हा भित्रेपणाच आहे, मला ठाऊक आहे. पण कुठून तरी सुरुवात करायला नको का?

रविवारपासून करतो. ते सोपं आहे.

दर रविवारी सकाळी सोलापुरात कंबर तलावाजवळच्या एका चहाच्या टपरीवर आम्ही गाडीवेडे जमतो. चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेला इम्रान येतो. त्याची बाइक उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसते. माळशिरसकडचा विशाल पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन येतो. ती जमिनीला इतकी चिकटलेली की गतिरोधक आला की तिला तिरकी करून, कडेकडेनं उतरवावी लागते. मग इम्रान ओरडतो, "हळू विशालभाई, नवरी पडेल!" आणि विशाल काच खाली करून म्हणतो, "तू गप बस बे. तुझ्या गाडीवर बसलं की माणूस रस्त्यात अंगठी हरवल्यागत वाकतो!" मग पिकअप, टायर, गिअर, कुणाचं इंजिन किती तापतं. दुसऱ्या चहापर्यंत भांडण, तिसऱ्याला समेट. वाद मिटला नाही की सगळे माझ्याकडे बघतात. माझी जुनी बुलेट तिथंच उभी असते, आणि मी सांगेन ते खरं मानतात.

मी सांगेन ते खरं मानतात — हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

बाकाच्या टोकाला व्यंकू बसतो. व्यंकटेश. शाळेपासूनचा मित्र. विणकराच्या घरातला, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी. डोळे मिटून बसला असला तरी विजापूर रस्त्यानं कुठली गाडी येतेय ते आवाजावरून सांगतो, तिची चेन सैल आहे हेही सांगतो. पण स्वतः चालवत नाही. माझ्या बुलेटवर मागं बसून येतो, उजवा पाय काठीसारखा ताठ बाहेर काढून. तो गुडघा पुरता वाकत नाही.

नव्या पोरांना मी एक गोष्ट सांगायचो. किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. "आताच्या गाड्यांना काय कळतंय? आमच्या टाइमाला टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्ये ऑइल आपल्या हातानं मिसळायचं. नाही मिसळलं तर इंजिन जाम. आमच्या व्यंकूला विचारा! गाडी म्हणजे जीव की प्राण, आणि ऑइलच टाकायला विसरला!" सगळे हसायचे. व्यंकूही हसायचा. इम्राननं तर त्याचं नावच पाडलं, ऑइल चाचा. व्यंकूनं ते नावही घेतलं. रागावला नाही कधी.

आता त्या गाडीकडे यायला हवं. येतो.

तरुणपणी आम्हा दोघांनाही मोटारसायकलचं वेड होतं, पण गाडी फक्त त्याच्याकडे आली. मागावर दुहेरी पाळ्या करून त्यानं ती घेतली. जुनी, मरून रंगाची, दोन सायलेन्सरची. त्याच्या घरात माग मांडलेले, गल्लीत ठेवायला जागा नाही, म्हणून ती आमच्या अंगणात लिंबाखाली उभी असायची. व्यंकू पाळी संपली की आधी आमच्याकडे यायचा, मग घरी जायचा. पेट्रोल भरायला मी सोबत असायचो. पंपावर तो आधी मापानं ऑइल ओतायचा, मग पेट्रोल, मग हँडल धरून गाडी डावी-उजवी डुलवायचा, तान्ह्या पोराला झोपवावं तसं, दोन्ही नीट एकजीव होईपर्यंत. पंपावरची माणसं हसायची. तो म्हणायचा, "हसू दे की. तिच्या पोटात जातंय, त्यांच्या न्हाय."

मला ती चालवायची होती. किती चालवायची होती ते तुम्हाला कसं सांगू? रोज सकाळी दार उघडलं की ती समोर उभी. मी बँकेत सायकलनं जायचो. मागच्या सीटवर बसवायचा तो मला, हँडल मात्र देत नव्हता. "तुला द्यायला जीव होत न्हाय रे," म्हणायचा, आणि ओशाळून हसायचा. मी राग मानला का? नाही. पण रात्री अंथरुणावर पडलो की मनात गिअर टाकत राहायचो — पहिला, दुसरा, तिसरा.

त्याच दिवसांत मला अक्कलकोटच्या पुढच्या मैंदर्गीचं स्थळ आलं. मुलगी मी पाहिली होती, मला आवडली होती. त्यांच्याकडून होकार यायचा होता. मध्यस्थानं माझं वजन वाढवायला तिकडं सांगून टाकलं होतं, मुलाकडे मोटारसायकल आहे म्हणून. मी ते खोडलं नाही. आणि मग एका दुपारी, व्यंकू पाळीवर असताना, मी अंगणात गेलो. त्या गाडीला किल्ली लागायचीच असं नव्हतं, साधा खिळाही चालायचा. खिळा घरात होता.

अक्कलकोट रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना तुरीची शेतं होती, आणि माझ्या अंगातून काहीतरी सुटून वर गेल्यासारखं झालं. आज सत्तरी ओलांडून गेलीय. बुलेटवर मी पुष्कळ हिंडलोय. पण तसा वारा पुन्हा लागला नाही. हे मी कबुली म्हणून लिहितोय की आठवण म्हणून, माझं मलाच कळत नाही. मैंदर्गीत बाजाराचा दिवस होता. मी मुद्दाम हळू, बाजाराच्या मधून गेलो. मुलीच्या वडिलांनी पाहिलं, हात करून थांबवलं, पाणी दिलं. "गाडी तुमचीच काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "व्हय." ते शेजारच्याकडे वळून कन्नडमधून म्हणाले, "गाडी चलो ऐति." गाडी चांगली आहे. दाराच्या फटीतून तिनंही पाहिलं. पुढं कितीतरी वर्षं ती सांगायची, तुम्ही त्या गाडीवर राजासारखे दिसत होता.

परत येताना अक्कलकोटजवळ गाडी रिझर्व्हला लागली. मी पंपावर थांबलो.

इथं मला थांबावंसं वाटतं. पण तुम्ही इथवर आलात.

मी विसरलो नाही. हेच सांगायचं होतं. विसरणं माफ असतं. मी विसरलो नाही. पेट्रोल भरून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, ऑइल. पंपावरचा ऑइलवाला जेवायला गेला होता. थांबायला हवं होतं. पण व्यंकूची पाळी सुटायच्या आत गाडी लिंबाखाली उभी असायला हवी होती. मनाशी म्हटलं, तळाशी जुनं मिसळलेलं आहेच की, घरापर्यंत चालेल. टाकी त्याच्या अंदाजाइतकी भरली, म्हणजे त्याला कळणार नाही. मीटर बंदच होता. आणि गाडी चालली! धूर कमी झाला होता. मला वाटलं, वा, आज मागं धूरही नाही, काय मोकळी पळतेय. एवढं अडाणी सुख. घरी आल्यावर धूळ पुसली. कोपऱ्यावरचं ऑइलचं दुकान बंद झालं होतं. सकाळी आणून गुपचूप ओतू, असं ठरवलं.

सकाळी व्यंकू माझ्याआधी अंगणात आला. सुट्टी होती त्याची. तुळजापूरला निघाला होता. किक मारली, गाडी एका किकेत सुरू झाली, तेव्हा तो खूश झाला. "चल की बे, बस मागं."

मी म्हणालो, "आज नको."

का नको? दोनच वाक्यं बोलायची होती. गाडी काल मी नेली होती; ऑइल टाक. पण मग कुठं नेलीस, असं त्यानं विचारलं असतं, आणि मैंदर्गीपर्यंत सगळं उलगडलं असतं. तिच्या वडिलांना मारलेली थापही. मी दारात उभा राहिलो, आणि तो गल्लीच्या वळणावरून गेला. मला एवढंच वाटलं होतं की इंजिन थोडं तापेल. एवढं वाटलं होतं, आणि तरी मी मागं बसलो नाही. याचा अर्थ काय होतो, ते मी आयुष्यभर स्वतःला विचारलेलं नाही.

तुळजापूरच्या अलीकडे, चढावर, इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी धरलं गेलं आणि व्यंकू फेकला गेला. गुडघ्याचा चुरा झाला. मेकॅनिकनं इंजिन उघडलं, पिस्टन चिकटलेला, आत सगळं कोरडं. "ऑइलच टाकलेलं न्हाय," तो दवाखान्यात येऊन म्हणाला. मी व्यंकूच्या खाटेशेजारी बसलो होतो. व्यंकूनं छताकडे बघत ते ऐकलं. मग म्हणाला, "दोन-दोन पाळ्या करतोय न्हवं का. विसरलो असंन."

मी मान डोलावली.

गाडी त्यानं भंगारात दिली. नवी पुन्हा घेऊ, मी म्हणायचो. तो म्हणायचा, "ज्याच्या हातून ऑइल विसरतंय, त्यानं गाडी न्हाय चालवायची." ती फक्त गाडीपुरती गोष्ट राहिली असती तर! तो माणूसच बदलला. कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघायचा. गॅस बंद केला का, हे बायकोला विचारायचा, तिनं सांगितलं तरी उठून बघायचा. मुलाच्या लग्नात पूजेचं सामान आणायचं काम त्यानं अंगावर घेतलं नाही. "माझं काय खरं न्हाय, मी विसरणारा माणूस." आणि मी टपरीवर त्याची गोष्ट सांगून चहा मिळवत राहिलो.

गेल्या रविवारी इम्राननं एक जुनी टू-स्ट्रोक दुरुस्त करून आणली. तीच जात, दोन सायलेन्सरवाली. निळा धूर सुटला, तो वास आला, आणि व्यंकू बाकावरून उठला. सायलेन्सरच्या मागं जाऊन उभा राहिला. ओढून घेत होता तो वास. इम्रान म्हणाला, "चाचा, बैठो ना. एकच चक्कर. मी धरतो ना मागून." व्यंकूनं हँडलला हात लावला. मग काढला. आपल्याच तळव्याकडे बघून म्हणाला, "नको बाबा. खराब हात हाय हा." पोरं हसली. ती माझीच गोष्ट आठवून हसली. आणि व्यंकू माझ्याकडे वळून म्हणाला, "ऑइल टाकलंय का बघ रे त्यानं. तुझं लक्ष असतंय."

म्हणून लिहायला बसलो.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुम्हाला आधी सांगायचं आणि त्याला नंतर? हीसुद्धा अंगणातल्या दारात उभं राहण्याचीच रीत झाली. चप्पल घातली आणि त्याच्या घरी गेलो. बुलेट नेली नाही. का, ते सांगता येणार नाही. तो ओसरीवर बसला होता. मी बसलो नाही. उभ्यानं सगळं सांगितलं: खिळा, बाजार, पंप, सकाळ.

तो पाय चोळत राहिला.

मग त्यानं विचारलं, "मैंदर्गीपर्यंत नेलीस?"

"हो."

"मी अक्कलकोटच्या पुढं कधी नेली न्हवती." त्यानं वर बघितलं. "कशी चालली?"

आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. म्हणालो, "लई गोड चालली, व्यंकू. अक्कलकोट सोडल्यावर रस्ता सरळ होता. तिसऱ्या गिअरला आवाज बदलायचा, दोन्ही सायलेन्सर एकदम एका सुरात यायचे."

"यायचे," तो म्हणाला. डोळे मिटले होते त्यानं. ओठ हलत होते, जणू तो आवाज जुळवून बघत होता. 

मग डोळे उघडून त्यानं आत हाक मारली. बायको हात पुसत बाहेर आली. तो तिला तेलुगूत म्हणाला, "नेनु आयिल पोसिना." मी ऑइल टाकलं होतं. तिला काही कळलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा, हळू, आपल्या हाताकडे बघत.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा तू आता."

मी निघालो. त्यानं मागून हाक मारली नाही.