हळदीच्या गाण्यातली नावं

अल्बमची कल्पना बायकोची. घरात आणि ओळखीत जे गातात-वाजवतात, त्या प्रत्येकाचं एक गाणं. कुंभवलीला कारखान्यात काम करणाऱ्या मित्राने तारपा वाजवला. माझ्या आईने साताऱ्याकडच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. शेजारच्या बिहारी कामगाराने बिरहा गायला. हे सगळं बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खिडकीला गादी लावून आणि फ्रिज बंद ठेवून झालं. उरलं एकच गाणं. बायकोला मुळात हवं होतं तेच: तिच्या आईचं हळदीचं गाणं.

सासूबाई समुद्रकाठच्या मुरबे गावच्या. गावातल्या हळदीला पुढे बसून गाणाऱ्या. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मात्र त्या गायल्या नाहीत. आमचं लग्न पालघरला नोंदणी पद्धतीने झालं. मी परजातीचा, घाटावरचा. सासऱ्यांनी घरातून कोणालाही येऊ दिलं नाही. ते वारल्यानंतर येणंजाणं सुरू झालं.

दुपारी मुरब्याला पोचलो. साथीला शेजारच्या दोन बायका ओसरीवर येऊन बसल्या होत्या. बायकोने माइक लावला, हेडफोन चढवले.

"गा, आये."

"नवरी कुठं हाय?"

"नवरी नाय. नुसतं गाणं पायजे."

"नुसतं कसं? नवरीचं नाव घ्यावं लागतं, आयबापाचं, मामाचं. कोनाची हलद गाऊ? या माइकची?"

शेजारीण म्हणाली, "माझं लगीन लावा परत. कंटालले मी म्हाताऱ्याला."

हसणं ओसरल्यावर मी सुचवलं, कुठलंही एक नाव घ्या.

"जावय, खोट्या नावाला हलद लागत नाय."

बायकोने मामेबहिणीचं नाव काढलं, तशा तिन्ही बायका एकदम तिच्यावर ओरडल्या. लग्न ठरल्याशिवाय मुलीचं नाव हळदीत घेत नाहीत. घेतलं तर लग्न अडतं, असं मानतात.

बायको काही वेळ माइकची वायर सरळ करत राहिली. मग म्हणाली, "माझं घे. माझं झालंय लगीन."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या आयचं नाव काय?"

आजवर ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. चालीत बसतं का, हे त्यांनी पुटपुटून पाहिलं. "लांबडं हाय. पन बसल."

त्यांनी सुरू केलं. आधी देवांना आवतण, मग नवरीचं नाव. त्या नावाशी आवाज जरा खाली आला आणि पुढच्या ओळीला पुन्हा चढला. बायका मागून ओळ उचलत होत्या. नवरीची आई आली, मामा आले, नवऱ्याकडची माणसं आली, माझी आई तिच्या लांबड्या नावासकट आली. रिवाजाप्रमाणे बापाचं कडवं आईच्या कडव्यामागोमाग येतं. ते आलं नव्हतं. बायकोने मान वर केली नाही.

गाणं संपलं. तिने रेकॉर्डरकडे हात नेला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "बंद नको करू. तुझा बाप रायला."

हे कडवं त्यांनी एकटीने म्हटलं. त्यात बाप मांडवात येतो, मुलीसमोर बसतो आणि पहिली हळद तिच्या पायाला लावतो.