माठातला वाळा

वाळा घातलेल्या पाण्याचा वास आला की मद्रासला तेव्हा नुकत्याच वसलेल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतलं माझं ऑफिस आठवतं. तिथे बायकांसाठी संडासच नव्हता, म्हणून आम्ही तिघी टायपिस्ट दिवसभर माठाला शिवायचो नाही. शेवटी मला लघवीला आग व्हायला लागली आणि हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "गोळ्या मी देते, पण पोरी, पाणी भरपूर प्यायचं आणि लघवी अडवायची नाही!" बरी होताच मी थेट साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, "तुमच्या संडासाची किल्ली आम्हालाही द्या. नाहीतर कशानं आजारी पडले ते बाहेर सगळ्यांना मोठ्यानं सांगते." लालबुंद होऊन साहेबांनी किल्ली पुढे सरकवली. त्या दुपारी माठात नुसता वाळा उरला. आजही मी तांब्या उचलला की रिकामा करूनच खाली ठेवते.